दहा माणसं, एक हलगी आणि पंधरा दिवसांचा युरोप: मोठ्या स्वतंत्र बँडसाठी दौऱ्याची तयारी

दौऱ्याचा हिशोब मांडताना सगळ्यात आधी डोकी मोजा. दोन गिटार, बेस, ड्रम्स, कीबोर्ड, हलगी, ढोलकी आणि गाणारा किंवा गाणारी, हे झाले आठ. साउंड इंजिनिअर आणि टूर मॅनेजर धरले की दहा. कोल्हापुरात कार्यक्रम असला की दहाचे बारा झाले तरी कुणाच्या लक्षात येत नाही, केबल गुंडाळायला दोन मित्र येतातच. तिकडे मात्र प्रत्येक डोक्यामागे व्हिसा, विमा, विमानाचं तिकीट, गाडीतली सीट, रोजचं अंथरूण आणि दोन वेळचं जेवण लागतं. १४ रात्रींच्या दौऱ्यात दहा जणांची १४० अंथरुणं होतात, आठ जणांची ११२. कंपनी पाठीशी नसलेल्या बँडचा दौरा बहुतेक वेळा याच फरकात बुडतो. त्यामुळे कोण जाणार हे पहिल्या बैठकीतच ठरवा आणि कागदावर लिहा. मागाहून ‘याला पण घेऊया’ म्हणायची सोय नसते.

दुसरा आकडा नऊचा. युरोपात साध्या मोटारीच्या परवान्यावर चालकासह नऊ सीटची आणि भरून साडेतीन टनांपर्यंतची गाडी चालवता येते. नऊ माणसं सरासरी ७५ किलोची धरली तर ६७५ किलो, प्रत्येकाची २३ किलोची बॅग धरली तर आणखी २०७. झाले ८८२ किलो. अशा व्हॅनची वाहण्याची क्षमता साधारण ९०० ते १,००० किलोच असते, म्हणजे ड्रमसेट आणि ॲम्प चढवायला जागाही नाही आणि वजनाची मुभाही नाही. वजन जास्त भरलं तर रस्त्यावरच काटा करून दंड होतो. म्हणून ड्रमचे शेल, बेस कॅबिनेट, गिटार ॲम्प ही अवजड सामग्री आयोजकाकडून किंवा तिथल्या भाड्याच्या दुकानातून घ्यायची. तिकडे तिला बॅकलाइन म्हणतात. आपण न्यायचं ते एवढंच: झांजा, स्नेअर, किक पेडल, गिटारी, पेडलबोर्ड, हलगी, ढोलकी, इन-इअरचा (कानात आपापला आवाज ऐकायच्या यंत्रांचा) रॅक.

दहा माणसांना एक व्हॅन पुरत नाही. मग दोन नऊ-सीटर घ्यायच्या आणि एकीच्या मागच्या सीट काढून सामान भरायचं, किंवा झोपायची बस घ्यायची. बसचं भाडं डोळे पांढरे करणारं वाटतं, पण हॉटेलचा खर्च त्यातून वजा करून बघा. बसचा चालक मात्र वेगळ्या नियमात येतो. नऊपेक्षा जास्त सीटच्या गाडीवर साडेचार तासांनी ४५ मिनिटांची विश्रांती, दिवसाला साधारण नऊ तासच गाडी चालवणं आणि रोजची अकरा तासांची सुट्टी बंधनकारक आहे. या सुट्टीसाठी त्याला सहसा हॉटेलची खोली द्यावी लागते, तिचा खर्च बँडचा. रात्री बारा वाजता सामान भरून ‘भाऊ, जरा दामटा, सकाळी पोचू’ असं म्हणता येत नाही.

स्वतः गाडी चालवायची असेल तर इथल्या आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढा, तो एक वर्ष चालतो. तरीही आमचं मत स्थानिक चालक घ्यावा असंच आहे. दोन तास स्टेजवर उड्या मारलेला माणूस रात्री एक वाजता रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवणार, हा धोका पैसे वाचवण्याच्या लायकीचा नाही. कार्यक्रमाच्या दिवशी ४०० किलोमीटरच्या वर प्रवास ठेवू नका. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या महामार्गांना विन्येट, म्हणजे टोल भरल्याचा पास लागतो, लंडनला आणि जर्मनीतल्या बऱ्याच शहरांना धुराचे नियम आहेत. गाडी भाड्यानं घेतानाच हे विचारून घ्या.

कागदपत्रं: सहा महिने आधी

पासपोर्टपासून सुरुवात करा. कोल्हापुरात पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे, पण पोलीस पडताळणी आणि नावातली चूक यांत महिने जातात. शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना एकत्र चालणाऱ्या व्हिसासाठी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत. पासपोर्ट, आधार, बँक पासबुक आणि विमान तिकीट या चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे का ते बघा. वडिलांचं नाव मध्ये आहे की नाही, आडनाव आधी की नंतर, यावरच आपल्याकडची निम्मी माणसं अडकतात.

हलगीवाला किंवा ढोलकीवाला दहावी झालेला नसेल तर त्याच्या पासपोर्टवर ईसीआर येतं, म्हणजे परदेशी नोकरीसाठी इमिग्रेशन तपासणी आवश्यक. युरोपला त्याचा अडथळा नाही. पण त्याच पासपोर्टवर दुबई, कतार किंवा मस्कतला कामाच्या व्हिसावर जायचं म्हटलं तर परवानगी लागते. येता-जाता आखातात एखादा कार्यक्रम जोडायचा विचार असेल तर हे आधी तपासा.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या अपॉइंटमेंट मुंबईत आणि पुण्यातही पटापट संपतात. जुलैचा दौरा असेल तर मार्च-एप्रिलमध्येच तारीख धरा. फी माणशी ९० युरो, नाकारला तरी परत मिळत नाही. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा हवा. अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्या देशाकडे.

मोठ्या बँडच्या अर्जात नेहमी होणाऱ्या तीन चुका अशा. पहिली, दौरा जर्मनी, मग इंग्लंड, मग परत नेदरलँड्स असा असताना एकाच प्रवेशाचा व्हिसा मागणं. इंग्लंडला गेलात की तो संपतो. अर्जातच ‘एकाहून अधिक प्रवेश’ मागा आणि मार्गाचा तक्ता जोडा. दुसरी, आयोजकाच्या पत्रात नुसतं ‘आमंत्रण’ असणं. पत्रात प्रत्येकाचं नाव, पासपोर्ट क्रमांक, वाद्य, कार्यक्रमांच्या तारखा, मानधन, राहण्याचा खर्च कोण देणार आणि त्या देशात कामाचा वेगळा परवाना लागतो की नाही, हे सगळं हवं. तिसरी, दहा जणांनी दहा वेगवेगळ्या कहाण्या लिहिणं. कव्हर लेटर एकच बनवा, फक्त वैयक्तिक परिच्छेद बदला. लोकवादकाकडे आयकर विवरणपत्र नसेल तर बँडचं पत्र, आयोजकाची खर्चाची हमी आणि मागच्या कार्यक्रमांचे करार जोडा.

इंग्लंडचं सगळं निराळं. थोड्या कार्यक्रमांसाठी तिथला स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा चालतो, पण मानधनाचे कार्यक्रम आधीच ठरलेले असले पाहिजेत आणि पोचल्यापासून ३० दिवसांत झाले पाहिजेत. शिवाय तुम्ही व्यावसायिक कलाकार आहात हे दाखवावं लागतं. बेसवाला दिवसा बँकेत नोकरी करत असेल तर पोस्टर, करार, वर्तमानपत्रांची कात्रणं यांची फाइल त्याच्यासाठी जास्त जाड करा.

कार्नेट: न चुकवता येणारा शिक्का

वाद्यं तात्पुरती परदेशात नेऊन परत आणतो, ती विकत नाही, याचा जगभर मानला जाणारा कागद म्हणजे एटीए कार्नेट. भारतात तो फिक्की ही उद्योग-व्यापाराची संघटना देते. वैधता जास्तीत जास्त एक वर्ष. सोबत तारण किंवा हमी द्यावी लागते आणि सगळी खरी गोम तिथेच आहे: एखादा शिक्का राहिला तर परदेशातलं कस्टम ड्युटी मागतं आणि ती तुमच्या हमीतून जाते.

यादीत प्रत्येक वस्तूचं वर्णन, सिरियल नंबर, वजन, किंमत आणि मूळ देश लिहायचा. हलगीला सिरियल नंबर कुठला? कड्याच्या आतल्या बाजूला कोरणीनं बँडची दोन अक्षरं आणि अंक कोरा, फोटो काढा, तोच नंबर यादीत द्या. एकदा कार्नेट निघालं की यादीत भर घालता येत नाही, म्हणून शेवटच्या आठवड्यात नवं पेडल विकत घेऊ नका. तारा, काड्या, बॅटऱ्या यांसारखं वापरून संपणारं सामान यादीत घालायचं नाही. टी-शर्ट आणि रेकॉर्डही नाहीत, कारण ते विकायचे असतात.

पानांचे रंग लक्षात ठेवा. पिवळं पान भारतातून निघताना आणि परतताना, पांढरं पान परदेशात शिरताना आणि निघताना, निळं पान मधून जाताना. युरोपियन युनियन हे एकच कस्टम क्षेत्र धरलं जातं. इंग्लंड वेगळं, स्वित्झर्लंड वेगळं. जर्मनी–इंग्लंड–नेदरलँड्स अशा दौऱ्याला युनियनची दोनदा आत आणि दोनदा बाहेरची पानं लागतात. अर्ज करतानाच पानं मोजून मागा.

मुंबई विमानतळावर क्रम असा ठेवा. उड्डाणाच्या पाच तास आधी पोचा. बॅगा चेक-इन करण्याआधी कस्टमकडे जा, कारण अधिकाऱ्याला माल बघायचा असतो आणि पट्ट्यावरून गेलेली बॅग परत येत नाही. पिवळ्या पानावर शिक्का, सही, तारीख आणि वस्तूंचे क्रमांक नीट आहेत का ते तिथेच वाचा. पलीकडे उतरल्यावर हिरव्या मार्गाने सरळ बाहेर पडायचा मोह होतो. लाल मार्गानेच जा आणि पांढरं पान भरून घ्या. हे काम एकाच माणसाकडे द्या आणि दौराभर दुसरं कुठलंही काम त्याला सांगू नका. दोन गिटार आणि एक पेडलबोर्ड एवढंच सामान असेल तर आयोजकाला विचारा, कार्नेटशिवायही चालू शकतं. तेव्हा निघताना भारतीय कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट मात्र घ्या, नाहीतर परतताना तुमचीच वस्तू नवी आणलेली समजली जाते.

लाकडाचा प्रश्न विचारला जातोच. शिसवीची, म्हणजे रोझवूडची पट्टी असलेली तयार गिटार २०१९ च्या नोव्हेंबरपासून सायटिस (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून सुटली आहे. ब्राझिलियन रोझवूड सुटलेलं नाही, आणि जुन्या गिटारीतले हस्तिदंती तुकडेही नाहीत.

फ्लाइट केस, वजन आणि पंचगंगा

केस, म्हणजे वाद्यं न्यायच्या पेट्या, कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बनवून घेता येतात. पत्रा, ॲल्युमिनियमचे कोन, कड्या, चाकं, सगळं एका फेरीत मिळतं. फक्त कारागिराला एक गोष्ट बजावून सांगा: ‘मजबूत’ नको, ‘हलकी’ हवी. आपल्याकडे सवयीनं जाड प्लाय आणि जड कड्या लावतात आणि रिकामी केसच १५ किलोची होते. इकॉनॉमीची बॅग बहुधा २३ किलोची, आणि एका नगाचं वजन ३२ किलोच्या वर गेलं तर ती प्रवासी सामान म्हणून घेतच नाहीत. लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या वर गेली तरी जादा पैसे. गिटारची केस ११० × ४० × १५ धरली तरी १६५ होते. बुकिंग करतानाच वाद्यं नोंदवा आणि उत्तर ईमेलवर घ्या. काउंटरवरच्या माणसाला तोच कागद दाखवता येतो. हुकचा डिजिटल वजनकाटा दौऱ्यात सतत जवळ ठेवा.

झांजांची बॅग चांगलीच जड असते, ती शक्यतो हातात ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या. १०० वॉट-अवरपर्यंत प्रश्न नाही, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. गिटारीच्या तारा एक-दोन फेरे सैल करा, पूर्ण काढू नका.

युरोपातल्या महोत्सवांचा हंगाम जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत चालतो आणि आपल्याकडे तोच पुराचा हंगाम. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन वाहतूक बंद पडली होती. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणी-बदलापूरजवळ पाण्यात अडकली होती. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून सुटणाऱ्या छोट्या विमानांत मोठ्या केस सहसा मावत नाहीत, त्यामुळे सामान रस्त्यानेच न्यावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये सामान आणि दोन माणसं उड्डाणाच्या तीन दिवस आधी मुंबईत पोचलेली असू द्या. बाकीच्यांनी किमान एक रात्र आधी. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी वाढू लागली की वाट बघत बसू नका, त्याच दिवशी निघा.

स्टेजवर

आयोजकाला दोन पानं आधी पाठवायची: स्टेजचा नकाशा आणि इनपुट यादी, म्हणजे कुठल्या वाद्याला मिक्सरचे किती चॅनेल लागतात त्याची. आठ जणांच्या बँडची यादी साधारण अशी होते: ड्रम्स १०, बेस २, गिटार ३, कीबोर्ड २, हलगी २, ढोलकी २, ट्रॅकसाठी १, आवाज ४. एकूण २६. लहान क्लबचं मिक्सर बहुधा ३२ चॅनेलचं असतं, म्हणजे बसतं. पण महोत्सवात दोन बँडमध्ये वीस-तीस मिनिटंच असतात. २६ चॅनेल तेवढ्यात लावायचे तर केबलला नंबर, टेपचा रंग आणि माणूस आधी ठरलेला हवा. स्वतःचा इन-इअर रॅक आणि स्प्लिटर (एकच सिग्नल दोन मिक्सरना वाटणारा) नेलात तर मॉनिटरचा अर्धा तास वाचतो. दहा माणसांच्या बँडसाठी आमच्या दृष्टीने हा सगळ्यात शहाणपणाचा खर्च.

वीज युरोपात आपल्यासारखीच २३० व्होल्टची, फक्त प्लग वेगळा. इथला सहा सॉकेटचा बोर्ड घ्या आणि त्याला एकच अर्थिंगचा शुको ॲडॉप्टर लावा. दोन पिनांचा स्वस्त ॲडॉप्टर लावलात की अर्थ तुटतो आणि ॲम्प घुमायला लागतो. इंग्लंड आणि स्वित्झर्लंडसाठी प्लग निराळे. अमेरिकेत १२० व्होल्ट, म्हणून पॉवर सप्लायवर ‘१००–२४०’ लिहिलंय का ते बघा. वायरलेसचं आणखी वेगळं: युरोपात ८६३ ते ८६५ मेगाहर्ट्झ विनापरवाना चालतं, अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातले बहुतेक जुने माइक २०२० च्या जुलैपासून बंद आहेत.

आता हलगी. चामड्याचं पान हवेतला ओलावा ओढतं आणि सैल पडतं. तालमीच्या मैदानावर आपण दोन कागद पेटवतो आणि शेकतो. तिकडे मागच्या खोलीत काडी ओढलीत तर धुराचा अलार्म वाजून अख्खं सभागृह रिकामं करतात आणि त्याचं बिल येतं. केस वाळवायचा ड्रायर घ्या, हातभर अंतरावर धरा, आधी कडेकडेनं गोल फिरवा, मग मध्यावर या. एकाच जागी धरलात तर पान तडकतं. बोटानं टिचकी मारत राहा, आवाज ‘धप’वरून ‘टण्ण’ला आला की थांबा. ड्रायर स्टेजच्या बोर्डात लावू नका. तो २,००० वॉटचा असेल तर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो आणि पेडलबोर्डासकट ती लाइन उडू शकते. उघड्यावरच्या महोत्सवात साउंडचेकला जमलेला सूर रात्री दव पडलं की उतरतो, म्हणून फायबरच्या पानाची दुसरी हलगी त्याच सुराला लावून तयार ठेवा. ऑस्ट्रेलियाला चामड्याचं वाद्य जाहीर करावंच लागतं, तिथे फायबरचीच न्या.

आवाजाची मर्यादा हा हलगीचा दुसरा प्रश्न. फ्रान्समध्ये १५ मिनिटांच्या सरासरीला १०२ डेसिबल, स्वित्झर्लंडमध्ये तासाच्या सरासरीला १००, तेही अटींसह. हलगी माइकशिवायच हॉल भरते. ती ड्रमच्या मागे, प्रेक्षकांच्या रेषेपासून तिरकी उभी करा, नाहीतर साउंड इंजिनिअरला आवाज कमी करायला जागाच उरत नाही. कानात प्लग सगळ्यांनी, रोज.

पैसा

जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून १५ टक्के कर आणि त्यावर साडेपाच टक्के अधिभार, म्हणजे १५.८२५ टक्के कापतात. पण एका कार्यक्रमाला माणशी २५० युरोपर्यंत असेल तर कापत नाहीत. आठ जणांना २,००० युरो मिळाले तर बरोबर २५०. ४,००० मिळाले तर ६३३ युरो कापले जातील. मोठ्या संख्येचा फायदा होणारी ही एकमेव जागा, फक्त करार कुणाच्या नावाने आहे यावर ती अवलंबून असते, म्हणून सही करण्याआधी आयोजकाकडून लेखी घ्या. मानधन कर कापण्याआधीचं की नंतरचं, हे करारात एका ओळीत असलंच पाहिजे. कापलेल्या कराचं प्रमाणपत्र मागून घ्या, इथे विवरणपत्र भरताना ते लागतं.

गाणी तुमची स्वतःची असतील तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांच्या भारतातल्या हक्कसंस्थेचं सदस्यत्व निघण्याआधी घ्या आणि रोजची गाण्यांची यादी आयोजकाकडे भरून द्या. जर्मनीतली गेमा, इंग्लंडमधली पीआरएस या तशाच संस्था सादरीकरणाचं मानधन त्या यादीवरूनच वाटतात. यादी नाही तर पैसा नाही. टी-शर्ट तिकडेच छापून घ्या, आयात कराचा घोळ वाचतो. विक्रीतला वाटा सभागृहाला द्यायचा का, हे दार उघडायच्या आधी विचारा. परतताना जवळ ५,००० डॉलरहून जास्त नोटा असतील तर भारतात जाहीर कराव्या लागतात.

खाण्याचं थोडक्यात. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, म्हणून पेढे आणि सुकं मटण घरीच ठेवा. कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, गूळ चालतं. मसाला दोन पिशव्यांत बंद करून चेक-इनमध्ये टाका. तीन लिटरचा राइस कुकर आणि पाव किलो मसाला असला की दहा माणसं चौथ्या दिवशीच्या सँडविचवरून भांडत नाहीत.

रात्री गाडीत वाद्यं ठेवू नका, कितीही दमलात तरी. नाइलाजच झाला तर गाडीचं मागचं दार भिंतीला टेकवून उभी करा.

परतल्यावर मुंबईत पिवळ्या पानावर शेवटचा शिक्का घ्या, मगच विमानतळ सोडा. कार्नेट आठवड्याभरात फिक्कीकडे परत पाठवा, तोपर्यंत हमी सुटत नाही. गिटारीच्या तारा परत ताणण्याआधी दोन दिवस जाऊ द्या, आणि हलगी केसमधून काढून सावलीत उभी ठेवा. पावसाळ्यात केसमध्ये राहिली तर आठ दिवसांत पानावर बुरशी धरते.